पगडी बरोबर, नकाशा चूक

इतिहासावर बेतलेला व्हिडिओ गेम खेळणारा माणूस ज्या क्षणी ‘हे काही खरे वाटत नाही’ असे म्हणतो, त्या क्षणी तो समोरचे चित्र नेमक्या कोणत्या खऱ्याशी ताडून पाहत असतो, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या प्रांतातला असला, तरी त्याची मुळे इतिहासाविषयीच्या आपल्या समजुती कशा घडतात इथपर्यंत जाऊन पोहोचतात. फ्रान्सची राज्यक्रांती, पहिले महायुद्ध किंवा मध्ययुगीन बोहेमिया ह्यांचे पहिले दर्शन असंख्य तरुणांना आज पुस्तकाच्या पानावर न होता पडद्यावर होते. आणि ते नुसते दर्शन नसते, त्या काळात हिंडणे, लढणे, हरणे आणि पुन्हा उठून चालू लागणे असते. पुढील संवादातील मामांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मोडी कागदांचे रुमाल सोडण्यात, वाचण्यात आणि पुन्हा बांधून ठेवण्यात घालवली. त्यांची भाची मृणाल व्यवसायाने वास्तुरचनाकार असून शाळेत असल्यापासून गेम खेळत आली आहे. दोघांचे आपापल्या विषयावर मनापासून प्रेम असल्यामुळेच त्यांचा मतभेद लिहून ठेवण्याजोगा वाटला.

मामा : गेममध्ये चुका असतात ही माझी हरकत नव्हे, मृणाल. चुका मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या ग्रंथातही आहेत. माझी हरकत अशी, की गेममध्ये रिकामी जागा नसते. आम्ही पत्र वाचायला घेतो तेव्हा मधला मजकूर वाळवीने खाल्लेला असतो, तारीख असते तर साल नसते, शिक्का असतो तर कोणाला लिहिले त्याचा पत्ता नसतो; म्हणून इतिहास लिहिणारा प्रामाणिक माणूस पावलोपावली ‘असावे’, ‘दिसते’, ‘संभवते’ असे म्हणत पुढे सरकतो. गेम करणाऱ्याला ही मोकळीक नाही. रस्त्यावरचे प्रत्येक दार, दारावरची कडी आणि ती उघडणाऱ्या बाईच्या वस्त्राचा रंग त्याला ठरवावाच लागतो. आणि मग ज्याला अस्सल कागदाचा आधार आहे ते, आणि ज्याला चित्रकाराच्या कल्पनेखेरीज कशाचाही आधार नाही ते, दोन्ही एकाच उन्हात, सारख्याच ठामपणे उभे राहते. पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही.

मृणाल : पण मामा, सगळे ठरवावे लागते म्हणूनच काही गोष्टी तिथे प्रथम कळतात. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा २०१४ चा गेम क्रांतिकाळातल्या पॅरिसमध्ये घडतो, आणि त्यातले नोत्र दाम उभारण्यासाठी एका कलावतीने जवळजवळ दोन वर्षे खर्ची घातली. भिंतीचा भार बाहेरच्या उडत्या कमानींवरून जमिनीपर्यंत कसा उतरतो, हे मी कॉलेजात आराखड्यांवरून शिकले होते. परंतु त्या कमानींच्या पाठीवरून चालत जाऊन छपराच्या कडेशी उभी राहिले, खाली अंगण केवढेसे दिसते ते पाहिले, तेव्हा ती सारी रचना मला पहिल्यांदा एका नजरेत समजली. हे ज्ञान नव्हे असे तुम्ही म्हणाल का?

मामा : ज्ञान आहे, पण त्याच छपराच्या मध्यावरचा टोकदार कळस तू पाहिलास ना? मध्ययुगातला मूळ कळस जीर्ण झाल्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवण्यात आला. २०१९ च्या १५ एप्रिलला आगीत कोसळताना साऱ्या जगाने जो पाहिला, तो वास्तुरचनाकार व्हिओले-ल-द्युकने १८५९ साली पुऱ्या केलेल्या कामाचा. ह्या नव्या धाटणीचा कळस क्रांतीच्या पॅरिसवर उभा असणे शक्यच नाही. तरी गेममध्ये तो आहे; आणि तो नसता, तर तुझ्यासारख्या हजारोंना ते नोत्र दाम वाटलेच नसते. आग विझल्यावर पुष्कळांनी अशी आशा व्यक्त केली, की आता पुनर्बांधणीला ह्या गेमचा उपयोग होईल. वस्तुतः उपयोगी पडण्याजोगी मापे अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासकाराने अगोदरच लेसर यंत्राने, एक अब्जाहून अधिक बिंदूंच्या रूपाने, घेऊन ठेवलेली होती. एक मोजलेले होते आणि दुसरे रंगवलेले. लोकांना मात्र दोन्ही एकाच मोलाची वाटली. मला भय वाटते ते ह्याच गोष्टीचे.

मृणाल : कळसाची गोष्ट मी मान्य करते. पण अस्सलपणाची सारी भिस्त दगडविटांवर ठेवू नका. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा २०१८ चा, प्राग शहरातल्या मंडळींनी केलेला गेम घ्या. काळ १४०३ चा, प्रदेश बोहेमियाचा. त्यात राक्षस नाहीत, जादू नाही. नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा, आणि त्याला वाचता येत नाही. गेममध्ये तुमच्या हाती एखादे पुस्तक येते, तुम्ही ते उघडता, आणि पानावरच्या प्रत्येक शब्दातली अक्षरे आपली जागा सोडून भलतीकडेच बसलेली असतात. मला वाटले गेम बिघडला. मग उलगडा झाला, की हेन्रीला जे दिसते तेच मला दाखवले जात आहे. उझित्स गावच्या लेखनिकाकडे जाऊन शिकायला लागावे लागते, आणि जसजसा सराव वाढतो तसतसा एकेक शब्द ताळ्यावर येऊ लागतो. आता निरक्षराला अक्षरे उलटसुलट दिसत नाहीत, त्याला ती नुसत्या रेघोट्यांसारखी दिसत असतील, हे उघड आहे; म्हणजे तपशील चूकच. परंतु ज्या जगात कागद वाचता येणे हीच एक सत्ता होती, त्या जगात ती सत्ता हाती नसलेल्या माणसाची कुचंबणा मला त्या पानाने जशी कळवली, तशी क्रमिक पुस्तकातल्या एकाही परिच्छेदाने कळवली नव्हती.

मामा : हे उदाहरण मला आवडले, आणि का आवडले तेही सांगतो. त्यात तुला काहीतरी करता आले नाही. भूतकाळ आपल्याहून वेगळा होता ह्याची जाणीव माणसाला अडते तेव्हाच होते. परंतु खेळणारे लोक अस्सल म्हणून ज्याची वाहवा करतात, ते बहुधा त्यांना कुठेच न अडवणारे असते, आधी पाहिलेल्या चित्राशी जुळणारे असते. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’चे वर्णन तूच मला ऐकवलेस. १२७४ सालची मंगोलांची स्वारी, आणि नायक रणांगणातून बाजूला होऊन हायकू रचतो. हायकूला स्वतंत्र रूप आले ते सतराव्या शतकात, म्हणजे कितीतरी पिढ्यांनंतर. तरी खेळणाऱ्याला तेच प्रसंग सर्वांत जपानी वाटतात, कारण त्याच्या मनातल्या जपानात सामुराई आणि हायकू शेजारी शेजारी राहतात.

मृणाल : उलट दिशेचेही उदाहरण आहे. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त इ. स. पूर्व पाचव्या शतकातल्या ग्रीसमधली देवळे आणि पुतळे रंगवलेले दाखवले आहेत, आणि ते यथार्थ आहे. प्राचीन ग्रीक मूर्ती लाल-निळ्या रंगांनी नटलेल्या असत, हे संशोधकांनी उरलेल्या रंगकणांवरून सिद्ध केले आहे. परंतु आपण सर्वांनी संग्रहालयांतून पांढरा संगमरवर पाहिलेला, त्यामुळे खरा रंग डोळ्यांना खोटा वाटतो. तिथे गेमने खेळणाऱ्याच्या समजुतीपुढे मान तुकवली नाही. आणि त्सुशिमाविषयी एवढे लक्षात घ्या, की २०२० च्या वादळात त्या बेटावरच्या वातात्सुमी देवस्थानाचे तोरी, म्हणजे प्रवेशद्वार, मोडून पडले, तेव्हा त्याच्या दुरुस्तीच्या वर्गणीला ह्या गेमचे चाहते धावून आले आणि अपेक्षेच्या कित्येक पट रक्कम जमली. चुकलेल्या तपशिलांतून जडलेला लोभ खऱ्या लाकडापर्यंत जाऊन पोहोचला.

मामा : लोभ जडणे ही मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. परंतु लोभ माणसाला उदार करतो आणि हट्टीही करतो.

मृणाल : त्याचे प्रत्यंतर मी स्वतः पाहिले आहे, आणि माझ्या बाजूची ही उणीव मला लपवायची नाही. ‘बॅटलफील्ड १’ हा पहिल्या महायुद्धावरचा गेम २०१६ साली आला. त्या युद्धात सामान्य शिपायाच्या हाती प्रत्येक गोळीनंतर खिटी मागे ओढावी लागणारी रायफल होती. गेममध्ये सर्वत्र झरझर गोळ्या ओकणारी हत्यारे, आणि कोसळलेल्या सोबत्याला एक सुई टोचली की तो उठून धावायला लागतो. त्याबद्दल फारशी कोणी तक्रार केली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या महायुद्धावरचा ‘बॅटलफील्ड फाइव्ह’ जाहीर झाला, त्याच्या जाहिरातीत कृत्रिम हात लावलेली एक ब्रिटिश स्त्री आघाडीवर लढताना दिसली, आणि इतिहासाची विटंबना झाली म्हणून गदारोळ उठला. ब्रिटिश सेनेत स्त्रिया अशा आघाडीवर लढत नव्हत्या, हा आक्षेप तपशिलाच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण मेलेल्याला उठवणारी सुई ज्याला खटकली नाही, त्याला बाई मात्र खटकली, तर त्याचा निकष निव्वळ इतिहासाचा नव्हता. युद्धाचे जे चित्र तो उराशी बाळगून होता, त्याला तडा गेला होता.

मामा : आणि त्या चित्रात मुळातच जे नाही, त्याची उणीव कोणालाच भासत नाही. तू म्हणालीस त्या पहिल्या महायुद्धाच्या गेममध्ये फाओच्या किल्ल्याची लढाई आहे ना?

मृणाल : आहे. ‘फाओ फोर्ट्रेस’ नावाचा नकाशा. इराकच्या दक्षिण टोकाला ब्रिटिश साम्राज्याची फौज समुद्रावरून उतरते.

मामा : तर मग ऐक. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओला जी फौज उतरली, ती सहाव्या पुणे डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडीत ११७ वी मराठा पलटण होती. हीच पुणे डिव्हिजन पुढे तैग्रिसच्या काठाने वर सरकत गेली, कुतच्या वेढ्यात अन्नान्न दशेला लागली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. महायुद्धाला इथून इतकी माणसे गेली आणि इतकी परतली नाहीत, असे कोरलेल्या पाट्या कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक गावांत आजही आहेत. ज्या पोराचा खापरपणजोबा त्या किनाऱ्यावर उतरला असेल, तो पुण्यात बसून रात्रभर हाच नकाशा खेळतो आणि दुसऱ्या दिवशी मित्रांशी वाद घालतो तो कशावरून, तर अमुक बंदूक १९१४ साली होती की १९१८ साली! बंदुकीचे साल चुकले तर ते पकडता येते. माणसे विसरली गेली तर ते पकडायला आधी ती होती हे ठाऊक असावे लागते.

मृणाल : म्हणजे खेळणाऱ्याची अचूकतेची कसोटी त्याच्या माहितीएवढीच लांब पोहोचते.

मामा : आणि त्याच्या अभिमानाएवढीच तीव्र होते.

मृणाल : परंतु अभिमानाने केलेली तक्रारही दर वेळी खोटी नसते. ‘कंपनी ऑफ हीरोज २’ ह्या गेमवर २०१३ साली रशियात एवढा रोष झाला, की तिथल्या वितरकाने विक्री थांबवली. त्यात सोव्हिएत अधिकारी माघार घेणाऱ्या आपल्याच शिपायांना गोळ्या घालतात. आता स्टालिनचा २८ जुलै १९४२ चा २२७ क्रमांकाचा हुकूम अस्सल आहे, मागे फिरणाऱ्यांना रोखणाऱ्या तुकड्याही अस्सल आहेत. तरीही ज्यांच्या घरातली माणसे त्या आघाडीवर कामी आली, त्यांचे म्हणणे असे होते, की हेच पुन्हा पुन्हा दाखवले तर ती माणसे केवळ पाठीमागच्या पिस्तुलाच्या धाकाने लढली असे ठरते. सुटी सुटी प्रत्येक गोष्ट खरी आणि सगळ्यांचा मेळ खोटा, असेही होऊ शकते.

मामा : हे तर आम्हा कागद वाचणाऱ्यांचे रोजचे दुखणे आहे. दहा अस्सल पत्रे निवडून निखालस खोटा इतिहास लिहिता येतो.

मृणाल : ह्याच धाग्याने मला माझ्या मुख्य मुद्द्याकडे यायचे आहे. आपण आतापर्यंत कळस, हत्यारे, वेष, माणसे ह्यांविषयी बोललो. हे सारे डोळ्यांना दिसणारे. परंतु गेममध्ये इतिहास दिसतो त्याहून अधिक तो नियमांत असतो. काय केले की काय मिळते, काय करताच येत नाही, जिंकणे म्हणजे काय, ह्यांतून गेम भूतकाळाविषयी आपले म्हणणे मांडतो, आणि खेळणारा त्या नियमांची शहानिशा कधीच करीत नाही, कारण तो त्यांना इतिहास मानतच नाही, केवळ खेळाची रीत मानतो. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९ चा गेम १७०० साली सुरू होतो, आणि त्यात मराठ्यांकडून खेळता येते. मी ते राज्य घेऊन कितीदा तरी खेळले आहे. ‘मराठा कॉन्फेडरसी’ असे त्याचे नाव.

मामा : १७०० साली? त्या वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. औरंगजेबाचा वेढा साताऱ्याला पडलेला होता आणि एप्रिलमध्ये तो किल्ला गेला. ताराबाईंनी कारभार हाती घेतला तो राज्य टिकते की बुडते अशा घटकेला. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले ह्यांचा तो सरदारमंडळाचा पसारा पुढच्या दशकांतला.

मृणाल : नाव पुढच्या काळचे हे तुम्ही लगेच पकडलेत. पण मला खटकते ते आणखी आतले आहे. त्या नकाशावर प्रत्येक प्रदेशाला एकच धनी असतो. प्रदेश माझा, नाहीतर शत्रूचा. कर माझ्या खजिन्यात, नाहीतर त्याच्या. आता मला सांगा, अठराव्या शतकातल्या दख्खनमध्ये असे होते का?

मामा : मुळीच नव्हते! १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या, त्या दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या. म्हणजे मुलूख बादशाहीचा, सुभेदार बादशहाचा, आणि वसुलाचा चौथा हिस्सा मराठ्यांचा, शिवाय सरदेशमुखीचे शेकडा १० वेगळे. एकाच गावी वसुलाला मोगलांचा अमीनही येई आणि आपला कमाविसदारही येई. पुढे दख्खनचा सुभेदार झालेल्या निजामाला हेच नको होते. शाहू महाराजांचा हक्क की कोल्हापूरच्या संभाजीराजांचा, असा वाद पुढे करून त्याने आपले कमाविसदार उठवले, आणि त्यातून पालखेडची मोहीम उभी राहिली. १७२८ च्या मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला, त्यातले मुख्य कलम काय होते? मुलूख खाली करून द्या हे नव्हे, चौथाई-सरदेशमुखीचा अंमल पूर्ववत चालू द्या, हे. राज्य म्हणजे नकाशावरचा एक रंग, ही कल्पनाच त्या व्यवहाराला लागू पडत नाही.

मृणाल : म्हणूनच म्हणते, मामा, शिपायाच्या पगडीचा पेच अगदी जाणकाराकडून तपासून घेतला, तरी त्या नकाशावर खेळलेले मराठ्यांचे राज्य युरोपातल्या राज्यांच्या साच्यातूनच निघणार. पगडी चुकली असती तर आपल्याकडे सर्वांनी आरडाओरड केली असती. नकाशा चुकला आहे, तर मीही खेळताना कधी कुरकुर केली नाही. तुमचे कागद कानावर पडत होते म्हणून फार उशिरा लक्षात आले.

मामा : मग तूच तुझ्या बाजूचा पाया काढून घेतलास असे होत नाही का? अनुभवाने इतिहास कळतो म्हणालीस, आणि त्या अनुभवाचे नियमच परके निघाले.

मृणाल : पाया नाही काढला, तो कुठे आहे ते दाखवले. हेन्रीच्या पुस्तकाचा नियम त्या काळाच्या आतून आला होता, ह्या नकाशाचा नियम बाहेरून आला. दोन्ही नियमच आहेत. तुमच्याकडेही हा पेच आलाच होता. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रांच्या आधारे बखरींच्या साल-तारखांच्या, संख्यांच्या चुका दाखवल्या. म्हणून आपण बखरी टाकून दिल्या नाहीत. त्या काळच्या माणसांना आपला काळ कसा वाटला, ते त्यांतूनच कळते.

मामा : तुलना सोपी आहे, पण ती पुरती लागू पडत नाही. सभासदाने आपली शिवचरित्राची बखर जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, आणि हे तो स्वतःच सांगतो. पुष्कळ बखरींच्या आरंभी कोणाच्या हुकमावरून, कोणासाठी लिहिले ते स्पष्ट असते. त्यामुळे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून कळते, की ह्या मजकुराला कोणत्या बाजूने पाहायचे. गेममध्ये ती कैफियत कुठे असते? हा रस्ता आम्ही कागदावरून उभारला, हा अंदाजाने, आणि हा तुम्हाला धावायला बरे पडावे म्हणून रुंद केला, असे कोण सांगतो?

मृणाल : कोणी सांगितलेच नाही असे नाही. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ हा टॉलेमींच्या काळातल्या इजिप्तचा गेम. २०१८ साली त्याला ‘डिस्कव्हरी टूर’ जोडली गेली. लढाया काढून टाकल्या, त्याच शहरांतून मार्गदर्शनासह हिंडायचे. आणि काही ठिकाणी करणारेच सांगतात, की इथे पुरावा असा होता आणि आम्ही असे ठरवले.

मामा : आणि त्याच सहलीत, शाळेतल्या मुलांसाठी म्हणून, नग्न पुतळ्यांवर शिंपले चिकटवले होते! म्हणजे ज्या ठिकाणी इतिहास शिकवण्याचा मानस, तिथेच मूर्तींना पाहणाऱ्याच्या काळाची लाज नेसवली.

मृणाल : तो दोष खराच. पण पुतळ्यावरचा शिंपला कोणालाही दिसतो. तुम्हाला हवा असलेला उघडा सांधा तो हाच. मला भीती न दिसणाऱ्या शिंपल्यांची वाटते.

मामा : हे मात्र मी मान्य करतो, आणि माझे म्हणणे त्याप्रमाणे दुरुस्त करतो. गेमने चुकू नये अशी अपेक्षा मी धरणार नाही. ग्रंथाकडूनही ती धरत नाही. परंतु पुरावा, अनुमान आणि सोय ह्या तिन्हींचा हिशेब त्याने खेळणाऱ्याला द्यावा, आणि तो वेगळ्या सहलीत नको, जिथे भिंत उभी आहे तिथेच, मागितला की मिळेल असा. आमच्या कागदाला तळटीप असते, त्यांच्या भिंतीला का नसावी?

मृणाल : आणि खेळणाऱ्यानेही आपली तक्रार जरा खोल न्यावी. तलवारीची मूठ तपासायचीच, पण त्याबरोबर हेही विचारायचे, की हा गेम मला काय करू देतो, काय करू देत नाही, आणि त्या काळच्या माणसाला हे करता आले असते का. एक मतभेद मात्र मी राखून ठेवते. तुम्ही म्हणाल, आधी कागद वाचा, मग खेळा. मी म्हणेन, आधी खेळू द्या. नकाशाशी झगडून थकलेल्यालाच सनदेतल्या कलमाची किंमत कळते. मला खेळायला आवडेल असा गेम सांगते. साल १७२७, एक गाव, पीक निघालेले, एका वाटेने निजामाचा अमीन येतो आहे, दुसऱ्या वाटेने कमाविसदार. मी आहे पाटील, आणि दोघांनाही राजी राखून पुढच्या पेरणीपुरते बियाणे गावात उरवायचे आहे. ह्यात लढाई दूर कुठेतरी पालखेडला होते, आपल्याला कानावर येते तेवढीच. पण कंटाळा येईल असे मला वाटत नाही.

मामा : येणार नाही. त्या पाटलाने कोणाला किती दिले आणि काय सबब सांगून किती राखले, ह्याचेच कागद मी वाचत आलो, आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. असा गेम कोणी केला, तर वसुलाचे आकडे आणि तहाची कलमे मी बसून तपासून देईन. आणि त्यात पगडी चुकली, तर तेवढी चूक मी चालवून घेईन.